लादीखालचं बाथरूम

चार बाय सहाच्या बाथरूमला लादी किती लागते? जमीन 24 चौरस फूट. भिंतींचा घेर 20 फूट, सात फुटांपर्यंत डॅडो, म्हणजे भिंतीची लादी, धरला तर 140, त्यातून दाराचे 17 वजा. कापाकापी आणि फुटीला दहा टक्के जास्त घेतले तरी सगळं मिळून 160च्या आसपास थांबतं. चौरस फुटाला 40 रुपयांची लादी घ्या, 6,400 रुपये. 80ची घ्या, 12,800. या सहा-साडेसहा हजारांच्या फरकासाठी घरातली चार माणसं पालघर-बोईसरमधली दुकानं पालथी घालतात, मोबाइलवर फोटो पाठवतात, रंगावरून रुसवेफुगवे होतात. त्या लादीखाली काय घालायचं, हा निर्णय मात्र मिस्त्री एकटा घेतो आणि तोही सिमेंट कालवता कालवता. बाथरूमचा खर्च बिघडतो तो इथे.

तारापूरचं अणुऊर्जा केंद्र 1969मध्ये सुरू झालं, शेजारी एमआयडीसी वाढली आणि बोईसरला कामगारांच्या राहण्यासाठी तळमजला अधिक तीन-चार मजल्यांच्या इमारती उठल्या. त्यातल्या जुन्या घरांची बाथरूमं आता दुरुस्तीला आली आहेत. वर कोकणकिनाऱ्याचा पाऊस, पश्चिमेला खारा वारा, कुठे बोअरचं जड पाणी. पुण्यातल्या भावाने केलं तसंच इथे करून चालत नाही.

“लाद्या नव्या बसवल्या, आता गळती बंद.”

सर्वांत महाग पडणारा गैरसमज हाच. व्हिट्रिफाइड लादी स्वतः अर्ध्या टक्क्याहून कमी पाणी शोषते, हे खरं. पण पाणी लादीतून जातच नाही, ते सांध्यांतून जातं. पांढरं सिमेंट भरलं तर ते सुकताना आकसतं आणि केसाएवढ्या फटी राहतात. इपॉक्सी ग्राउट कितीतरी चांगलं, जिथे रोज अंघोळ होते तिथे तरी ते वापरावंच, पण तेही वॉटरप्रूफिंगची जागा घेऊ शकत नाही. पाणी अडवायचं काम लादीचं नाही, तिच्या खालच्या थराचं आहे.

जुन्या इमारतीत बाथरूमचा स्लॅब बाकी घरापेक्षा नऊ इंच ते फूटभर खाली असतो. त्या खड्ड्यात पाइप टाकून वर विटांच्या तुकड्यांचा कोबा भरलेला असतो. वर्षानुवर्षं सांध्यांतून झिरपलेलं पाणी या कोब्यात भिजवलेल्या पावासारखं साठून राहतं आणि मग सावकाश खालच्या घराच्या छताला ओल धरते. वरची लादी बदलून हे पाणी कुठेही जात नाही.

खाली खरोखर गळत असेल तर कोबा पूर्ण उकरून स्लॅबपर्यंत जावं लागतं. स्लॅब धुऊन, पाइप जिथून आरपार जातात तिथली त्यांच्या भोवतालची भोकं न आकसणाऱ्या मसाल्याने बुजवायची. भिंत आणि जमीन मिळते तो कोपरा काटकोनात न ठेवता तिथे मसाल्याची गोलाई काढायची, कारण कोटिंग फाटतं ते बहुतेक वेळा याच रेषेवर. मग पॉलिमर मिसळलेल्या सिमेंट कोटिंगचे दोन हात, दुसरा हात पहिल्याला आडवा. हे कोटिंग भिंतीवर किमान फूटभर आणि अंघोळीच्या कोपऱ्यात पाच-सहा फुटांपर्यंत चढवायचं. ते वाळलं की निकासाचं तोंड बंद करून पाणी भरायचं, भिंतीवर पेन्सिलची खूण करायची आणि 48 तास हात लावायचा नाही. खालच्या घरात जाऊन छत बघायचं. या दोन दिवसांची मजुरी वाया जाते म्हणून मिस्त्री कुरकुरतो. त्याला दुसरीकडे पाठवा, पण पाणी सोडू नका.

कोबा पुन्हा भरतानाही विचार करायला जागा आहे. 24 चौरस फूट, फूटभर खोल म्हणजे विटांच्या कोब्याचं वजन सव्वा टनाच्या घरात जातं. हलक्या एएसी ब्लॉकचे तुकडे भरले तर ते निम्म्याहून कमी होतं. जुन्या स्लॅबला तेवढाच आराम. हे ब्लॉक पाणी पितात, म्हणून भरावाच्या वरूनही कोटिंगचा एक थर हवा.

उलट बाजूचा गैरसमजही सांगायला हवा. गळती नसेल, जमीन ठोकल्यावर पोकळ वाजत नसेल, तर कोबा उकरू नका. लादी काढून वरून कोटिंग आणि नवा ढाळ एवढ्यावर काम भागतं. स्लॅबपर्यंत जाणं म्हणजे मजुरी, डेब्रिज आणि दिवस, तिन्ही दुप्पट.

“वरच्यांच्या बाथरूममधूनच गळतंय.”

असेलही. पण इथल्या पावसात बाहेरच्या भिंतीतून येणारी ओलही छतापाशीच दिसते आणि भांडणं मात्र जिन्यात होतात. निदान करायला महागडं यंत्र लागत नाही, कॅलेंडर लागतं. एप्रिल-मे महिन्यात डाग सुकत असेल आणि जून उलटल्यावर पुन्हा फुलत असेल तर संशयित बाहेरची भिंत किंवा गच्ची. बारा महिने ओला असेल तर बाथरूम. वरचं बिऱ्हाड महिनाभर गावी गेलं आणि तरीही थेंब पडत राहिला, तर नळाची दाबातली लाइन फुटलेली असू शकते. त्यांचा मुख्य कॉक बंद करून दोन-तीन दिवस पाहिलं की तेही कळतं. उरलेला संशय निळीने फिटतो. नहाणीचं, म्हणजे जमिनीतल्या निकासाचं, तोंड बांधून निळीचं पाणी भरा, खाली निळा डाग उतरला तर वाद संपला.

खर्च कोणाचा, याचंही उत्तर आहे. नोंदणीकृत सोसायटीच्या आदर्श उपविधींनुसार पावसाची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती सोसायटीने दुरुस्त करायची, घरातल्या न्हाणी-संडासातली ज्याची त्याने.

डहाणू-तलासरीच्या बाजूला आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. नोव्हेंबर 2018पासून धुंदलवाडीच्या आसपास भूकंपाचे छोटे छोटे धक्के बसत आले आहेत. त्या भागात ताठर सिमेंटी लेप भिंतीच्या तड्यांसोबत तडकतो. ताणलं जाणारं, दोन घटकांचं लवचीक कोटिंग थोडं महाग, पण तिथे तेच घ्यावं.

“जुन्या लादीवरच नवी बसवा, तोडफोड वाचते.”

भिंतीवर, जुनी लादी घट्ट असेल तर, हे बिनधास्त करता येतं. चौथ्या मजल्यावरून लिफ्टशिवाय गोणी उतरवणं वाचतं, हा काही लहान फायदा नव्हे. पण साध्या सिमेंटने जमत नाही, गुळगुळीत लादीला सिमेंट धरत नाही. टाइल अ‍ॅडेसिव्हच लागतं आणि तेही लादीवर लादीसाठी बनवलेल्या प्रकारचं. पिशवीवर आयएस 15477 आणि प्रकार छापलेला असतो, तो वाचून घ्यावा.

जमिनीवर मात्र दोन अडचणी. लादी आणि अ‍ॅडेसिव्ह मिळून पातळी अर्धा इंच किंवा जास्त वर येते, उंबऱ्याची उंची तेवढी घटते आणि नहाणीकडे वळवलेलं पाणी बेडरूमकडेही निघतं. दुसरं, आत गळती असेल तर ती जशीच्या तशी राहते, फक्त आता दोन लाद्यांखाली.

“मोठी लादी लावा, बाथरूम मोठं दिसतं.”

भिंतीवर दिसत असेल. जमिनीवर दोन बाय दोनची लादी छोट्या बाथरूममध्ये ढाळाचा सत्यानाश करते. नहाणीकडे सहा फुटांत पाऊण इंच ते इंचभर उतार हवा आणि तो दोन दिशांनी यायला हवा. मोठी लादी वाकत नाही, मग मिस्त्री उतार खातो आणि कोपऱ्यात डबकं राहतं. जमिनीला एक बाय एक, खरखरीत, मॅट. भिंतीची चकचकीत सिरॅमिक लादी स्वस्त मिळाली म्हणून जमिनीवर घालू नये, ती दहा टक्क्यांहून जास्त पाणी शोषते आणि ओल्या पायाला घसरते. पैसे कमी असतील तर डॅडो सगळीकडे सातपर्यंत नेण्याचीही गरज नाही. अंघोळीच्या कोपऱ्यात पूर्ण, बाकी चार फूट आणि वर बुरशीरोधक रंग. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या चाळींतल्या मोऱ्या याहूनही कमी डॅडोवर धडधाकट उभ्या आहेत.

“स्टेनलेस आहे, गंजणार नाही.”

सातपाटी, नवापूर, दांडी, चिंचणी या पट्ट्यात राहणाऱ्याला हे वाक्य ऐकून हसू येईल. दुकानदार चुंबक लावून दाखवतो, चिकटला नाही म्हणजे चांगलं स्टील. ही परीक्षाच चुकीची. स्वस्त 202 जातीच्या स्टीललाही चुंबक चिकटत नाही. त्यात निकेल कमी असतं आणि खाऱ्या हवेत ते लवकर तांबूस डाग धरतं. निदान 304 मागा, बिलावर लिहून घ्या. अगदी समुद्राकाठी 304लाही ठिपके पडतात, पण टॉवेलच्या दांड्यासाठी 316 घेणं म्हणजे चैन.

नळांचं गणित वेगळं. वजनाला हलका, वर क्रोमचा मुलामा असलेला नळ बहुधा झिंक मिश्रधातूचा असतो. बजेट तंग असेल तर त्याऐवजी पीटीएमटी, म्हणजे चांगल्या प्रतीच्या प्लॅस्टिकचा नळ घ्यावा. दिसायला साधा, पण खारं पाणी त्याचं काही बिघडवत नाही. जड पाण्याचे पांढरे डाग काढायला संडासचं अ‍ॅसिड मात्र नळावर आणि सांध्यांवर ओतू नका. ते क्रोमही खातं आणि सिमेंटचं ग्राउटही.

भिंत फोडलीच आहे तर आतली जुनी लोखंडी (जीआय) लाइन काढून टाका. बाहेरून ती ठीक दिसते, आतून गंजाने वाट निम्मी झालेली असते. गरम पाण्याला सीपीव्हीसी, पांढरा यूपीव्हीसी फक्त गार पाण्याला. खाचा बुजवण्याआधी हातपंपाने दाब देऊन लाइन तपासायला सांगा.

काही छोटे गैरसमज थोडक्यात. ताटाएवढा रेन शॉवर वरच्या मजल्यावर शोभेचा राहतो, कारण गच्चीवरची टाकी दहा फूट वर असेल तर दाब मिळतो चौरस सेंटिमीटरला जेमतेम 0.3 किलो. साधा छोटा शॉवर बरा. तीन लिटरचा इन्स्टंट गीझर आकाराने लहान असला तरी वीज लहान मागत नाही. 3 किलोवॅट म्हणजे 13 अँपियर, त्याला वेगळी वायर, 16 अँपियरचा सॉकेट, अर्थिंग आणि 30 मिलीअँपियरचा आरसीसीबी (वीजगळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) हवाच. बाथरूमला वास येतो म्हणजे अस्वच्छता असंही नाही. बरेच दिवस घर बंद करून गावी गेलात तर नहाणीच्या ट्रॅपमधलं दोन इंच पाणी सुकतं आणि गटाराचा वारा सरळ वर येतो. तांब्याभर पाणी ओतलं की काम झालं.

“भारतीय काढून कमोड बसवायचा, त्यात काय!”

घरात म्हातारं माणूस असलं की हे काम निघतंच. कमोडची किंमत यात गौण. महाग पडतं ते त्याची जागा बदलणं, कारण चार इंची पाइप उतारासह नव्याने न्यावा लागतो आणि त्यासाठी कोबा उकरावा लागतो. शक्यतो आहे तिथेच ठेवा. खरेदीला जाण्याआधी जमिनीतल्या निकासाच्या मध्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर मोजा. बाजारातले कमोड चार, नऊ किंवा बारा इंचांच्या मापात येतात. हे माप उघड्या विटेपासून नाही, लादी बसल्यानंतरच्या भिंतीपासून धरायचं असतं. लादी आणि मसाला इंच-दीड इंच खातात आणि नऊचा कमोड साडेसातच्या जागेत बसत नाही.

“एकरकमी ठरवलं की डोकेदुखी नाही.”

‘बाथरूम सगळं धरून इतके’ या आकड्यात काय धरलं, हे काम अर्धं झाल्यावर कळतं. मजुरी वेगळी, सामान वेगळं, कोटिंगचं नाव आणि हात किती, 48 तासांची पाणी चाचणी, डेब्रिज उतरवणं आणि टेम्पो, हे सगळं कागदावर मागा. डेब्रिज खाडीच्या कडेला टाकून येणं नियमात बसत नाही, त्यामुळे ते कुठे जाणार हेही विचारा. 22 सप्टेंबर 2025पासून सिमेंटवरचा जीएसटी 28वरून 18 टक्के झाला, म्हणून काम स्वस्त होईल अशी आशा काहींना आहे. छोट्या बाथरूमला आठ-दहा गोणी लागतात, वाचणार ते काही शे रुपये. मोरबीची लादी थेट आणायची हौसही अशीच. मोरबीहून मुंबईकडे येणारा माल चिल्हार फाट्यावरूनच जातो हे खरं, पण 160 फुटांसाठी ट्रक थांबत नाही आणि पुढे एखादी लादी फुटली तर त्याच बॅचचं एक खोकं गावातल्या दुकानातच मिळू शकतं. पैसे टप्प्याटप्प्याने द्या आणि एक टप्पा पाणी चाचणीनंतरच मोकळा करा, खालच्या बिऱ्हाडाने छत कोरडं असल्याचं सांगितल्यावर.