पॅरा कमांडोची थेट भरती असते का? स्पेशल फोर्सेसपर्यंतचा रस्ता नेमका कसा आहे?

२०१९ च्या वर्ल्ड कपमध्ये महेंद्रसिंह धोनीच्या ग्लोव्हजवर एक खंजीर दिसला आणि मोठा वाद झाला. आयसीसीने ते चिन्ह काढायला लावलं. 'बलिदान बॅज' हा शब्द अनेकांनी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

पॅरा कमांडोंच्या रील्सखाली आजही हमखास एक कमेंट असते, "मला पण व्हायचंय, फॉर्म कुठे भरायचा?"

थोडक्यात उत्तर असं की, असा वेगळा फॉर्म नसतो. आधी सैनिक व्हावं लागतं. मग स्वतःहून पुढे यावं लागतं. आणि मग टिकावं लागतं.

पॅराट्रूपर म्हणजेच पॅरा कमांडो का?

नाही. पॅराशूट रेजिमेंटमध्ये दोन प्रकारच्या बटालियन आहेत. एक, विमानातून उतरून लढणाऱ्या. दुसऱ्या, पॅरा (स्पेशल फोर्सेस), म्हणजे आपण ज्यांना पॅरा कमांडो म्हणतो त्या. २०१६ च्या सर्जिकल स्ट्राइकमध्ये ४ आणि ९ पॅरा (एसएफ) चे जवान होते.

आग्र्याच्या प्रशिक्षण शाळेत पाच उड्या पूर्ण केल्या की पॅराट्रूपरचे 'विंग्ज' मिळतात. टेरिटोरियल आर्मीत मानद लेफ्टनंट कर्नल असलेल्या धोनीनेही २०१५ मध्ये या पाच उड्या मारल्या होत्या. मरून रंगाची टोपी दोन्ही प्रकारचे सैनिक घालतात. स्पेशल फोर्सेसचा रस्ता मात्र याहून बराच लांब आहे.

मग तिथे जायचं कसं?

वाटा दोन आहेत.

पहिली, सैन्यात भरती होताना पॅराशूट रेजिमेंट मिळणं. या जवानांचं प्रशिक्षण बंगळुरूच्या रेजिमेंटल सेंटरमध्ये होतं.

दुसरी, आधी दुसऱ्या रेजिमेंटमध्ये किंवा विभागात नोकरी करायची आणि तिथून स्वेच्छेने नाव द्यायचं. मराठा लाइट इन्फंट्री, तोफखाना, सिग्नल्स, कुठूनही. त्यासाठी वरिष्ठांची परवानगी आणि वैद्यकीय चाचणी लागते.

अधिकाऱ्यांसाठी एनडीए किंवा सीडीएस परीक्षेतून आधी कमिशन मिळवणं आलंच.

वाट कुठलीही असो, पुढे दार एकच आहे, प्रोबेशन.

प्रोबेशनमध्ये काय होतं?

हा काळ वर्षानुवर्षं ९० दिवसांचा म्हणून ओळखला जातो. पाठीवर वजन घेऊन लांबलचक कूच, अपुरी झोप, उपाशीपोटी काम, रात्री नकाशावरून वाट शोधणं आणि त्याच अवस्थेत अचूक नेमबाजी. शरीर थकल्यावर डोकं चालतं का आणि सोबतच्या माणसाची काळजी घेता का, हे इथे पाहिलं जातं.

अधिकारी असो वा जवान, प्रोबेशन सगळ्यांना पार करावंच लागतं. कुणीही, कधीही "मला जमणार नाही" म्हणून परत जाऊ शकतं. बहुतेक जण टिकत नाहीत. पण परतणाऱ्याची नोकरी जात नाही, तो आपल्या जुन्या युनिटमध्ये रुजू होतो.

निवड झाली की खरं शिक्षण सुरू होतं. स्फोटकं, रेडिओ संपर्क, जखमींवर उपचार, पाण्याखालच्या मोहिमा, अतिउंचीवरून उडी यांपैकी कशात तरी तरबेज व्हावं लागतं.

आणखी कुठले पर्याय आहेत?

नौदलाचे मार्कोस १९८७ मध्ये उभे राहिले, हवाई दलाचे गरुड २००४ मध्ये. एनएसजीत सैन्यातून आणि केंद्रीय पोलिस दलांमधून काही वर्षांसाठी जाता येतं. २६/११ ला ताज हॉटेलमध्ये हुतात्मा झालेले मेजर संदीप उन्नीकृष्णन मूळचे बिहार रेजिमेंटचे होते.

या सगळ्याचं महाराष्ट्राशी काय नातं?

जुनं आणि जवळचं. १९७१ च्या युद्धात बांगलादेशातल्या टांगाइलला विमानातून उतरलेली २ पॅरा मूळची मराठा बटालियन. २१ पॅरा (एसएफ) चं मूळही मराठा लाइट इन्फंट्रीतच.

साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक याच २१ पॅरातले. नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात त्यांना वीरमरण आलं, तेव्हा ते ४१ राष्ट्रीय रायफल्सचं नेतृत्व करत होते. म्हणजे स्पेशल फोर्सेसमध्ये गेलेला अधिकारी कायम तिथेच राहतो असंही नाही.

अग्निवीरांनी काय लक्षात ठेवावं?

२०२२ पासून जवानांची भरती अग्निपथ योजनेतून होते. सेवा चार वर्षांची आणि त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के जणांना कायम करण्याची तरतूद. प्रशिक्षण, युनिट, प्रोबेशन हे सगळं या चार वर्षांतच बसवायचं आहे.

त्यामुळे कुणी 'कमांडो भरतीची गॅरंटी' देऊन फी मागत असेल, तर सावध व्हा. अकादमी तुमची धावण्याची तयारी करून घेईल, पण प्रोबेशन पार करण्याची हमी कुणीच देऊ शकत नाही.

भरतीच्या मैदानात उतरण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारा. कमांडो झालो नाही, तरी साधा जवान म्हणून मी मनापासून नोकरी करेन का? उत्तर 'हो' असेल, तर खुशाल तयारीला लागा. कारण निवड झाली नाही, तर तीच नोकरी तुमची वाट पाहत असेल.