पहिली पॉइंट टू टू: पैसे कुठे घालायचे?

2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ जिंकलं. ती रायफल पॉइंट टू टू. तेव्हा प्रश्न असा: "पोरीला तसली घ्यायचीय, बजेट बेताचं आहे. काय करू?"

खरं सांगू? लगेच घेऊ नका. हिला शस्त्रपरवाना लागतो. 4.5 मिमीच्या, 20 ज्यूलपेक्षा कमी ताकदीच्या एअर रायफलला तो लागत नाही. 10 मीटरवर पाया पक्का होऊ द्या, मग क्लबची पॉइंट टू टू वापरून बघा.

आता काडतूस. ठिणगी पाडणारा मसाला त्याच्या तळाच्या कडेत असतो, म्हणून हे 'रिमफायर'. पिन आपटली की कड चेपते, म्हणून रिकामं काडतूस पुन्हा भरत नाहीत. म्हणजे रायफल एकदाच घ्यायची, पण काडतुसं कायम. सगळी पुंजी रायफलीत घातली, तर सराव कशावर करणार?

म्हणून जुनी बघायला हरकत नाही. दस्ता पोरीच्या मापाला बसतो का, बॅरलच्या तोंडाला ओरखडा आहे का, ते पाहा. रायफल टेकवून 50 मीटरवर दोन-तीन प्रकारची काडतुसं प्रत्येकी दहा झाडा. छिद्रं जवळजवळ पडतात का बघा. आणि विचारल्याशिवाय रिकामा ट्रिगर दाबू नका. काही रायफलींत पिन चेंबरच्या कडेवर आपटते, कड खराब होते.

नाव कुठलंही असो, मापात बसते तीच आपली.