नाशिकच्या बरोबर दक्षिणेला

२५ जून २०२५, बुधवार, दुपारी १२ वाजून १ मिनिट. शुभांशू शुक्लांना घेऊन ‘अ‍ॅक्सियम-४’ मोहिमेचं ड्रॅगन यान फ्लोरिडातल्या ३९-ए तळावरून उडालं, तेव्हा तिथे रात्रीचे २ वाजून ३१ मिनिटं झाली होती. आता जुन्या नोंदी काढा. ३० ऑगस्ट १९८३. तळ तोच, ३९-ए. वेळ तिथल्या रात्रीचे २ वाजून ३२ मिनिटं, म्हणजे भारतात दुपारचे १२ वाजून २ मिनिटं. त्या रात्री उडालं होतं ‘चॅलेंजर’ हे स्पेस शटल आणि त्याच्या पोटात होता आपला ‘इन्सॅट-१बी’ उपग्रह. मध्ये जवळपास बेचाळीस वर्षं गेली आणि घड्याळात फरक पडला एका मिनिटाचा. हा योग अजून कुठल्या वाहिनीवरच्या ज्योतिषाच्या हाती लागलेला नाही, हे आपलं नशीब.

हा निव्वळ योगायोग आहे. पण दोन्ही मुहूर्त काढले कुणी, हे पाहण्यासारखं आहे.

शुक्लांच्या उड्डाणाकडे मे अखेरीपासून डोळे लावून बसलेल्यांपैकी ज्यांनी तारखांबरोबर वेळाही टिपून ठेवल्या, त्यांच्या लक्षात एक गंमत आली असेल. १० जूनला उड्डाण ठरलं होतं संध्याकाळी ५:५२ ला. ते पुढे गेलं आणि ११ जूनची वेळ आली ५:३०. रॉकेटमधली द्रवरूप ऑक्सिजनची गळती निघाली, मग यान जिथे जाणार होतं त्या आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाच्या रशियन भागातली हवेची गळती निघाली, तारखा पुढे पुढे जात राहिल्या. अखेर चौदा दिवसांनी यान उडालं ते दुपारी १२:०१ ला. तारीख पुढे सरकत होती आणि घड्याळ मागे येत होतं. साडेपाच तासांना चौदाने भागलं की रोजची साडेतेवीस मिनिटं निघतात.

याचं कारण असं, की स्थानक गाठायचं तर त्याच्या कक्षेचं प्रतल तळाच्या डोक्यावरून जात असतानाच निघावं लागतं. ही कक्षा विषुववृत्ताशी ५१.६ अंशांनी कललेली आहे. पृथ्वी विषुववृत्तापाशी थोडी फुगीर आहे आणि त्या फुगवट्याच्या ओढीने हे प्रतल रोज सुमारे पाच अंश पश्चिमेकडे सरकतं. ही झाली वीस मिनिटं. तारे रोज चार मिनिटं आधी उगवतात, ती त्यात मिळवायची. जमेस धरा किंवा वजा करा, कुठल्याही मंत्र्याच्या किंवा कंपनीच्या सोयीला इथे वाव नाही.

‘चॅलेंजर’च्या मध्यरात्रीमागे मात्र खुद्द इन्सॅट होता. शटलमधून उपग्रह कुठे सोडायचा, त्या क्षणी सूर्य कुठे हवा, पुढे जमिनीवरच्या कुठल्या केंद्राने त्याचा ताबा घ्यायचा, हा सगळा हिशेब उलटा मांडत गेलं की उड्डाण रात्रीचंच येत होतं. शटल त्याआधी कधीही रात्री उडालं नव्हतं. आठवी खेप होती ही, आणि शटलचं पहिलं रात्रीचं उड्डाण घडलं ते एका भारतीय उपग्रहापायी. त्या रात्री तिथे वादळी पाऊस होता. सतरा मिनिटं थांबून यान निघालं. पाच जणांच्या त्या तुकडीतले गायन ब्लूफर्ड हे अवकाशात गेलेले पहिले कृष्णवर्णीय अमेरिकन. त्यामुळे अमेरिकेच्या आठवणीत ही मोहीम ब्लूफर्ड यांची, आणि आपल्या आठवणीत ती फारशी नाहीच.

दुसऱ्या दिवशी इन्सॅट गरगरत शटलच्या पोटातून बाहेर पडला आणि स्वतःच्या इंजिनावर वर निघाला. मग त्याची सौर पाती उघडेना. सप्टेंबर मध्यापर्यंत जमिनीवरच्या लोकांनी तिच्याशी झटापट केली, तेव्हा कुठे ती उघडली. आधीचा इन्सॅट-१ए वर्षभरात निकामी झाला होता, त्यामुळे त्या दोन-अडीच आठवड्यांत संबंधितांच्या जिवाचं काय झालं असेल याची कल्पना करावी. ऑक्टोबरमध्ये इन्सॅट-१बी कामाला लागला. देशभर पसरलेली दूरचित्रवाणी, लांब पल्ल्याचे फोन आणि ढगांची चित्रं, तिन्ही कामं एकाच उपग्रहाकडे. त्याला जागा मिळाली होती विषुववृत्तावर ७४ अंश पूर्व रेखांशाची.

नाशिकचा रेखांश आहे ७३.८.

म्हणजे नाशिकमधल्या कुठल्याही गच्चीवर दक्षिणेकडे तोंड करून उभं राहिलं आणि नजर क्षितिजापासून सुमारे ६६ अंश वर नेली, की तिथे त्या उपग्रहाची जागा. दिशेत चूक झालीच तर चंद्राच्या रुंदीएवढी. नुसत्या डोळ्यांना तिथे काहीच दिसत नाही, अंतर छत्तीस हजार किलोमीटरहून जास्त. पण जागा मोठी मानाची आहे. १२ सप्टेंबर २००२ रोजी पीएसएलव्हीने ‘मेटसॅट’ हा फक्त हवामानासाठीचा उपग्रह सोडला, तोही पुढे याच ७४ अंशांवर आला. १ फेब्रुवारी २००३ ला ‘कोलंबिया’ शटल परतीच्या वाटेवर तुटलं आणि कल्पना चावलांसह सातही जण गेले. चार दिवसांनी, ५ फेब्रुवारीला, मेटसॅटचं नाव ‘कल्पना-१’ ठेवण्यात आलं. पुढे जवळपास दीड दशक तो ढग टिपत राहिला. आज त्याच रेखांशावर इन्सॅट-३डीआर आहे.

निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्ष बागायतदाराला ‘कल्पना-१’ हे नाव वेगळं सांगावं लागत नाही. ऑक्टोबर छाटणी झालेली, बाग फुलोऱ्यात, आणि अरबी समुद्रात काहीतरी शिजतंय अशी कुणकुण. पाऊस आला तर डाऊनी रोग येणार, घड कुजणार. फवारणी आज घ्यायची की उद्या, एवढाच प्रश्न. पुढे घडात साखर भरल्यावर पाऊस आला तर मणी तडकणार. बातम्यांच्या शेवटी दिसणाऱ्या ढगांच्या चित्राच्या कोपऱ्यात ‘कल्पना-१’ ही अक्षरं असत. पुतळे आणि पुरस्कार पुष्कळांच्या नावाने असतात. पण ज्या नावाकडे माणसं रोज संध्याकाळी कामासाठी पाहतात, अशी स्मारकं थोडी.

कोलंबियाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट बातम्यांच्या गदारोळात मागे पडली. भारतात तेव्हा शनिवारची संध्याकाळ होती, साडेसातचा सुमार. कॅलिफोर्नियात मात्र पहाटेचे सहाही वाजले नव्हते, आणि तिथे काही हौशी लोक कॅमेरे घेऊन थंडीत उभे होते. शटल परतताना आकाशात तेजस्वी रेघ उमटते, ती टिपायला. टेक्सासवर यान तुटलं हे सगळ्या जगाने पाहिलं. पण त्याच्या काही मिनिटं आधीच, कॅलिफोर्नियावरून जाताना, रेघेतून ठिणग्यांसारखे तुकडे सुटताना या लोकांच्या चित्रणात दिसत होते. चौकशी मंडळाने ही चित्रणं जागा आणि सेकंद जुळवून एकापुढे एक लावली. उड्डाणानंतर ८२ व्या सेकंदाला फोमचा तुकडा डाव्या पंखावर आदळला होता आणि परतीला तिथूनच तप्त वायू आत शिरले, या निष्कर्षाला त्या मांडणीचा आधार मिळाला. या माणसांना कुणी नेमलं नव्हतं. शटल आपल्या गावावरून कधी जाणार, एवढा हिशेब त्यांनी केला होता.

शुक्लांच्या वेळी ‘राकेश शर्मांनंतर एक्केचाळीस वर्षांनी’ हे शब्द इतके घासले गेले की त्यामागची गोष्ट कुणी सांगितलीच नाही. ही एक्केचाळीस वर्षं अडीचवर यायची होती. इन्सॅट-१सी शटलमधूनच जाणार होता आणि १९८६ च्या त्या खेपेत सोबत इस्रोचा एक अभियंता जाणार होता. त्यासाठी नागपती चिदंबर भट आणि परमेश्वरन राधाकृष्णन नायर या दोघांची निवडही झाली होती. २८ जानेवारी १९८६ ला ‘चॅलेंजर’ फुटलं आणि ती खेप रद्द झाली. इन्सॅट-१सी शेवटी १९८८ मध्ये एरियान रॉकेटवरून गेला, माणसाविना. शाळेतल्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकात या दोन नावांना ओळभर जागा मिळायला हरकत नव्हती. तशीच ती मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या ‘अनुराधा’लाही मिळायला हवी. विश्वकिरणांचा अभ्यास करणारं हे उपकरण १९८५ मध्ये त्याच ‘चॅलेंजर’मधून सात दिवस अवकाशात राहून आलं. उपकरणाला चेहरा नसतो, हीच त्याची अडचण.

चेहऱ्यांचंच म्हणाल, तर राकेश शर्मा पाच वर्षं नाशिकचेच होते. सोयुझ टी-११ मधून ३ एप्रिल १९८४ ला जाऊन ते ‘सॅल्युत-७’वर राहून आले, हे सर्वांना पाठ आहे. १९८७ ते १९९२ या काळात ते एचएएलच्या ओझर इथल्या नाशिक विभागाचे मुख्य चाचणी वैमानिक होते, हे ओझरबाहेर फार थोड्यांना ठाऊक असतं. तिथे मिग-२१ च्या एका चाचणीत ते थोडक्यात वाचले. अवकाशात जवळपास आठ दिवस सुखरूप काढलेल्या माणसाच्या जिवावर बेतलं ते द्राक्षबागांच्या वर.

शुक्ला गेले ते स्थानक नाशिकवरून जातं तेव्हा दिसतं का? उत्तम दिसतं, शुक्राच्या तोडीचं. उंची ४०० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे नाशिक-कोल्हापूर सरळ रेषेतल्या अंतराहून थोडी जास्त. वेग सेकंदाला साडेसात किलोमीटरहून अधिक. पंचवटी एक्स्प्रेस कसारा घाट उतरून मुंबईला पोचायला जे चार तास घेते, ते काम इथे वीसेक सेकंदांचं. सूर्य मावळून गावात अंधार पडलेला असतो, पण ४०० किलोमीटरवर अजून ऊन असतं. त्या तासा-दीड तासातच, किंवा पहाटेच्या तेवढ्याच वेळात, हा ठिपका दिसतो. फार तर सहा मिनिटं. कधी मधेच, डोक्यावर असताना, तो विझतो; पृथ्वीच्या सावलीत शिरलेला असतो. काही दिवस रोज दिसतो आणि मग आठवडे गायब होतो, तेही त्या रोजच्या तेवीस-चोवीस मिनिटांमुळेच. गंगापूर धरणाच्या काठी किंवा अंजनेरीच्या पायथ्याशी उभं राहून वेळा टिपल्या, तर पंधरवड्यात हा सगळा हिशेब स्वतःला मांडता येतो. दिवाळीतला भारत म्हणून फिरणारं ते रंगीबेरंगी ‘अवकाशातलं छायाचित्र’ पुढे ढकलण्यापेक्षा हे नक्कीच बरं. ते चित्र दिवाळीचं नाहीच, अनेक वर्षांच्या नोंदींतून २००३ मध्ये रंगवलेलं आहे.

शुक्ला वर असताना मात्र नाशिककरांना डोळ्यांचा उपयोग नव्हता. २५ जून ते १५ जुलै, ऐन पावसाळा. त्र्यंबकेश्वरहून निघालेली निवृत्तिनाथांची पालखी पंढरीच्या वाटेवर होती, आषाढी ६ जुलैला होती आणि आकाशाला ढगांचं छत. अशा वेळी रेडिओ कामाला येतो, कारण त्याला ढग आडवे येत नाहीत. स्थानकावरचे हौशी रेडिओचे संदेश १४५.८०० मेगाहर्ट्झवर येतात. शुक्ला जुलैमध्ये बेंगळुरू आणि शिलाँगच्या विद्यार्थ्यांशी हॅम रेडिओवरून बोलले. स्थानक दक्षिण भारतावर असतं तेव्हा त्याची हाक सव्वादोन हजार किलोमीटरच्या परिघात पोचते, त्यात नाशिक अगदी आरामात येतं. ही वहिवाट सुरू केली ओवेन गॅरियट यांनी, ‘कोलंबिया’तून, १९८३ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये. हातात मावणारा संच घेऊन खिडकीशी बसून ते खालच्या हौशी लोकांशी बोलत. त्यांत जॉर्डनचे राजे हुसेनही होते, पण रांगेत सगळे सारखेच.

स्थानक जवळ येत असताना हा आवाज ठरलेल्या जागेच्या तीन-साडेतीन किलोहर्ट्झ वर सापडतो आणि दूर जाताना तेवढाच खाली. हा डॉप्लर परिणाम पाठ्यपुस्तकात एका गणितापुरता उरतो. इंग्लंडमधल्या केटरिंग गावच्या शाळेत जेफ्री पेरी हे भौतिकशास्त्र शिकवायचे, त्यांना तेवढ्यावर समाधान नव्हतं. त्यांनी एक रेडिओ संच मिळवला आणि मुलांना सोव्हिएत उपग्रहांची टिकटिक ऐकायला बसवलं. आवाज कधी आला, कधी गेला, कंप्रता किती सरकली, सगळं वहीत. मार्च १९६६ मध्ये ‘कॉसमॉस-११२’ आला तेव्हा वहीतल्या आकड्यांचं बैकोनूर या ठाऊक असलेल्या सोव्हिएत तळाशी जमेना. त्याचा मार्ग उलटा मागे नेला आणि नंतरच्या एका उपग्रहाच्या मार्गाशी तो कुठे छेदतो ते पाहिलं. छेदनबिंदू आला उत्तर रशियात, प्लेसेत्स्क नावाच्या ठिकाणी, जिथे कुठलाही तळ असल्याचं मॉस्कोने जगाला सांगितलेलं नव्हतं. शाळकरी पोरांनी आणि त्यांच्या मास्तरांनी गुप्त तळ शोधून काढला आणि त्याच वर्षी तो जाहीरही केला. सोव्हिएत सरकारने प्लेसेत्स्कचं अस्तित्व मान्य करायला १९८३ साल उजाडलं. तोवर ती पोरं तिशी ओलांडून गेली होती.