अर्धशिशी आणि झोप : उपचार जोडीनेच

अर्धशिशी, म्हणजेच मायग्रेन, आणि झोप यांचा संबंध दुतर्फा आहे. जागरणाने डोके उठते, सुट्टीच्या दिवशी उशिरापर्यंत लोळल्यानेही उठते, आणि चढलेले डोके पुष्कळदा गाढ झोपेनंतरच उतरते. असे असूनही डोकेदुखी आणि निद्रानाश या दोन वेगळ्या तक्रारी मानून त्यांवर वेगवेगळी औषधे देण्याची जी रीत आहे, ती शरीरशास्त्राला धरून नाही.

भूक, तापमान आणि झोप-जागेचे चक्र सांभाळणारा हायपोथॅलॅमस हा मेंदूच्या तळाचा भाग ठणका सुरू होण्याच्या सुमारे एक दिवस आधीच अधिक सक्रिय होतो, असे २०१६ साली हॅम्बुर्गच्या संशोधकांना एकाच रुग्णाच्या मेंदूचे महिनाभर रोज चित्रण केल्यावर दिसले. त्यामुळे आदल्या दिवशीच्या जांभया आणि पेंग ही झटक्याचीच सुरुवात असू शकते. २०१३ साली तर दोन कुटुंबांत संध्याकाळीच झोप येऊन पहाटेच्या कितीतरी आधी जाग येण्याचा आनुवंशिक दोष आणि ऑरासह मायग्रेन (ऑरा म्हणजे दुखण्यापूर्वी डोळ्यांपुढे चमकणाऱ्या नागमोडी रेषांसारखी लक्षणे) एकत्र आढळले, आणि शरीरातील घड्याळाची गती ठरवणाऱ्या केसीन कायनेज १ डेल्टा या एन्झाइमच्या जनुकातील बदल त्यामागे निघाला.

उपचाराच्या दृष्टीने अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग अधिक बोलका आहे. डोकेदुखी जवळजवळ रोजची झालेल्या ४३ स्त्रियांपैकी एका गटाला पाच सूचना दिल्या गेल्या : आठ तास मिळतील अशी झोपेची ठरावीक वेळ, अंथरुणात टीव्ही, वाचन व संगीत बंद (आज यादीत मोबाइल पहिला आला असता), झोप लागण्यासाठी मनात शांत दृश्य आणणे, जेवण झोपेच्या चार तास आधी उरकून शेवटच्या दोन तासांत पाणी बेताचे पिणे, आणि दुपारची वामकुक्षी वर्ज्य. दुसऱ्या गटाला झोपेशी संबंध नसलेल्या सूचना मिळाल्या. पहिल्या गटातील काहींची डोकेदुखी पुन्हा अधूनमधून येणारी झाली, दुसऱ्या गटात तोवर एकीचीही झाली नाही. प्रयोग लहान होता, पण या उपायाला खर्च नाही.

औषधांतही हा मेळ साधतो. झोप आणणारे अमिट्रिप्टिलीन रात्री अल्प मात्रेत दिल्यास झटकेही कमी होतात. मात्र महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस साध्या वेदनाशामक गोळ्या घेत राहिल्यास त्यांमुळेच डोके दुखू लागते. झोप आणि डोकेदुखी अशी एकमेकांत गुंतलेली असल्याने रुग्णांनी डोकेदुखीच्या नोंदवहीत झोपण्या-उठण्याच्या वेळाही लिहाव्यात, आणि घोरणे व सकाळी उठताच डोके दुखणे एकत्र असेल तर झोपेत श्वास अडखळतो का, याची तपासणी करून घ्यावी.