गावकारभाराची बाराखडी (लेखांक 6) : सूचक, अनुमोदक आणि तेवीस खांब

फाट्यावर एसटीतून उतरलं की गावापर्यंत सव्वा किलोमीटर रस्ता. दोन्ही अंगांना ऊस. विजेचे खांब 23, त्यांतले दिवे लागायचे चार. थंडीच्या दिवसांत बारावीच्या क्लासहून परतणाऱ्या मुली उतरायच्या तोवर अंधार पडलेला असायचा. कुणाचा तरी बाप किंवा भाऊ मोटारसायकल घेऊन फाट्यावर थांबायचा, आणि ज्या दिवशी कुणालाच जमायचं नाही त्या दिवशी क्लास बुडायचा. त्या मुलींपैकी एकीने एका रविवारी खांब मोजले. खांबांवर रंगाने टाकलेले क्रमांक वहीत उतरवले आणि प्रत्येकापुढे ‘चालू’, ‘बंद’ किंवा ‘दिवाच नाही’ असं लिहिलं. ते पान मी पाहिलं आहे. पट्टीने आखलेले तीन रकाने, खाली तारीख, आणि कोपऱ्यात चहाच्या कपाचा गोल डाग. घरच्या जेवणाच्या जागेवर बसूनच तिने ते लिहिलं असणार.

तरुणांच्या नेतृत्वाविषयी लिहायचं ठरवलं तेव्हा मला पहिल्यांदा हे पान आठवलं. आपल्याकडे ‘युवा नेता’ म्हटलं की डोळ्यांपुढे चौकातला फ्लेक्स येतो. मला मात्र वाटतं, गावातला प्रश्न कागदावर आणायचा, तो कागद ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर न्यायचा, तिथून इतिवृत्तात उतरवून घ्यायचा आणि काम होईपर्यंत त्याचा पिच्छा सोडायचा नाही, एवढं ज्याला किंवा जिला जमतं ती व्यक्ती गावाची पुढारी. हे सगळं शिकता येतं. आणि शिकायला विशीच्या आतलं वय उत्तम, कारण त्या वयात ‘आपल्याला काय करायचंय’ हे वाक्य अजून तोंडात बसलेलं नसतं.

आधी वयाचा हिशेब. ग्रामपंचायतीचा सदस्य व्हायला 21 वर्षं पूर्ण लागतात. 1993 मध्ये अमलात आलेल्या 73व्या घटनादुरुस्तीने ते वय ठरवून दिलं. ग्रामसभेचं सदस्यत्व मात्र मतदारयादीत नाव लागलं की आपोआप मिळतं, म्हणजे अठराव्या वर्षी. मतदानाचं वय 21 वरून 18 वर आलं ते 1989 मध्ये, 61व्या घटनादुरुस्तीने. विधानसभेत किंवा लोकसभेत बसायला निवडून यावं लागतं. ग्रामसभेत अठरा वर्षांची पोर आणि ऐंशी वर्षांचे आजोबा एकाच अधिकाराने सतरंजीवर बसतात. नाव नोंदवायला आता जानेवारीची वाट पाहावी लागत नाही. 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर अशा चार तारखा धरल्या जातात, आणि सतरा वर्षं पूर्ण झाली की फॉर्म 6 आगाऊ भरून ठेवता येतो. कॉलेजात पहिलं वर्ष लागलं की हा फॉर्म भरा, असं मी भेटेल त्या पोराला सांगतो.

खांब मोजणारी मुलगी तेव्हा सतरा वर्षांची होती. सभेत मत नाही, ठराव मांडायचा अधिकार नाही. तिने आईला उभं केलं.

त्या माउलीने तोवर ग्रामसभेचं तोंड पाहिलं नव्हतं. पण महाराष्ट्राच्या कायद्यात एक फार मोलाची सोय आहे. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते, आणि तिथे झालेलं बोलणं मुख्य सभेपुढे ठेवावं लागतं. अनेक गावांत ही महिला सभा फक्त सह्यांपुरती उरते, तरी दार उघडं आहे हे खरं. अंगणवाडीच्या खोलीत, ओळखीच्या बायकांत, आईने लेकीच्या हातचा कागद वाचला. वाचताना दोनदा अडखळली. मग शेजारची काकू म्हणाली, ‘‘अगं, माझी नातपण त्याच गाडीने येते की.’’ ती अनुमोदक झाली.

सूचक, अनुमोदक हे शब्द नवख्याला जड वाटतात, म्हणून जरा उलगडून सांगतो. ठराव मांडणारा तो सूचक, त्याला पाठिंबा देणारा तो अनुमोदक. इतिवृत्तात विषयाखाली दोघांची नावं लागतात. सभेत पन्नास जण तावातावाने बोलले आणि वहीत काहीच लिहिलं गेलं नाही, तर कारभाराच्या लेखी ते बोलणं झालंच नाही. म्हणून विषय अगोदर द्यायचा. सभेची नोटीस सात दिवस आधी लागते. त्याआधी ग्रामसेवकाकडे (आता या पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी) लेखी अर्ज द्यायचा आणि दुसऱ्या प्रतीवर पोहोच घ्यायची, तारीख आणि शिक्क्यासकट. ‘ऐनवेळचे विषय’ या शेवटच्या मथळ्यावर विसंबून राहू नये. तो येईतो लोक चपला शोधायला लागलेले असतात.

गणपूर्तीचं गणितही पोरांना ठाऊक हवं. एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांत जी संख्या कमी ती हजर लागते. तेवढी माणसं जमली नाहीत तर सभा तहकूब होते आणि त्या तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. मी एकोणीस वर्षांचा असताना आमच्या गावात असंच झालं. पहिल्या दिवशी आम्ही आठ-दहा मित्र वाचनालयाचा विषय घेऊन गेलो, सभा तहकूब. पुढच्या तारखेला आम्ही कॉलेजात होतो. शाळेच्या व्हरांड्यात बाराएक माणसं बसली आणि वर्षभराचं सगळं मंजूर करून उठली. वाचनालय त्यात नव्हतं. मला राग आला होता, पण त्याहून जास्त वाईट वाटलं ते आपल्याला नियम माहीत नव्हता याचं. तहकूब सभेची तारीख विचारायची असते, एवढंही आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

आणखी एक जागा सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. ग्रामसभेचा पहिला विषय असतो ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’. लोक उशिरा येतात ते नेमकं हे संपल्यावर. तरुणांनी इथे हजर राहायचं, आणि ‘वाचून दाखवा’ असं नम्रपणे, पण प्रत्येक वेळी म्हणायचं. गेल्या सभेत जे ठरलं ते वहीत तसंच उतरलं आहे का, हे तेवढ्याच वेळात कळतं.

आता मेंढा या गावाकडे वळतो, कारण या सगळ्याच्या मुळाशी जी गोष्ट आहे ती तिथे सर्वांत स्वच्छ दिसते. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे शंभरेक घरांचं गोंड गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा इथली. गोंड समाजात तरुण मुलामुलींचं एकत्र येण्याचं ठिकाण म्हणजे गोटुल. ऐंशीच्या दशकात मेंढ्याने आपलं गोटुल नव्याने बांधलं, जंगलातलं सागवान वापरून. वनखात्याने ते पाडलं. तेव्हा आसपासच्या गावांनीही आपापली गोटुलं उभारायचं ठरवलं, आणि खात्याला नमतं घ्यावं लागलं. गावाचे पुढारी देवाजी तोफा तेव्हा तरुण होते. मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखा अभ्यासू सोबती गावाला मिळाला आणि गावाने दोन वेगळ्या बैठकी पाडल्या : ग्रामसभा आणि अभ्यासगट.

या दोन बैठकींतला फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. अभ्यासगटात निर्णय घ्यायचाच नाही. तिथे कुणीही यावं, बाहेरच्यांनीही यावं, कायदा वाचावा, शंका काढाव्यात, वाद घालावा. निर्णय ग्रामसभेत, आणि तोही सर्वसहमतीने. बहुमताने कुणाला दाबून नाही. अभ्यासगटात हार-जीत नसते, त्यामुळे वीस वर्षांच्या पोराला साठीच्या माणसाचं म्हणणं खोडता येतं आणि साठीच्या माणसाला ते झोंबत नाही. आपल्या बहुतेक गावांत तरुण आणि जाणते पहिल्यांदा समोरासमोर येतात ते थेट निर्णयाच्या वेळी, किंवा निवडणुकीत. मग बोलण्याआधीच बाजू ठरलेल्या असतात.

या अभ्यासाने काय साधलं, ते बांबूच्या बाबतीत दिसलं. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली मेंढ्याला 2009 मध्ये 1,800 हेक्टरांहून अधिक जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशात हा हक्क मिळवणाऱ्या अगदी पहिल्या गावांत त्याचं नाव येतं. पण बांबू विकायला वाहतूक परवाना लागतो आणि तो द्यायला वनखातं तयार नव्हतं, कारण 1927 च्या जुन्या कायद्यात बांबूची गणना झाडांत होती. गावाने नव्या कायद्यातली ‘गौण वनोपज’ या शब्दाची व्याख्या वाचली होती. तिथे बांबू नावानिशी लिहिलेला आहे. त्या एका शब्दावर गाव अडून बसलं. अखेर एप्रिल 2011 मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश गावात आले आणि वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं.

आपल्या सातारा-सोलापूरकडच्या, जालना-लातूरकडच्या बहुतेक गावांत मेंढ्यासारखं जंगल नाही, पण वाचायला कागद भरपूर आहेत. प्रत्येक ग्रामपंचायतीचा वार्षिक आराखडा ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर मोबाइलवर उघडतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या 2021 ते 2026 च्या निधीतला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला होता, उरलेला 40 टक्के गावाच्या गरजेप्रमाणे वापरण्यासारखा. ‘बंधित’ आणि ‘अबंधित’ हे शब्द ज्या पोराला कळतात त्याला ‘निधी नाही’ या उत्तरावर पुढचा प्रश्न विचारता येतो. उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज आहेच : फी 10 रुपये, मुदत 30 दिवस, आणि महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय, तोही 150 शब्दांत. त्यासाठी मतदार असण्याचीही गरज नाही. गांधीजींना ‘राष्ट्रपिता’ ही पदवी सरकारने कधी दिली, हा प्रश्न 2012 मध्ये देशभर गाजला तो लखनौच्या एका शाळकरी मुलीच्या अर्जामुळे.

हे सगळं शिकवता येतं, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटते. गावात तयार झालेलं नेतृत्व गावात टिकत नाही. मुलगा चाकणला किंवा रांजणगावला एमआयडीसीत जातो, शिवारात येतो तो गणपतीला आणि जत्रेला. मुलीचं तर नावच यादीतून उठतं. सोळाव्या-सतराव्या वर्षी जी पोर वर्गाच्या वतीने मुख्याध्यापकांशी भांडते, ती बाविसाव्या वर्षी दुसऱ्या गावची सून होते. तिथे तिला कोण ओळखतं? पदर सावरून मागे बसायचं, आणि बोललीच तर ‘कुणाची सून गं ही?’ महाराष्ट्रात ग्रामपंचायतीच्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत, पण त्या जागेवर बसणारीला माहेरी कमावलेली ओळख सासरी पुन्हा शून्यातून कमवावी लागते. सासरच्या गावाने हे ओळखायला हवं. नवी सून घरात आली की तिचं नाव मतदारयादीत लावून घ्या आणि पुढच्या महिला सभेला तिला सोबत न्या, असं मी सासवांना हात जोडून सांगेन. ती काय काय शिकून आली आहे, हे विचारून तर बघा.

दिव्यांचा ठराव मुख्य ग्रामसभेत मंजूर झाला. सूचक म्हणून आईचं नाव आहे, अनुमोदक म्हणून काकूचं. नंतर तीन महिने काही हललं नाही. मुलगी दर पंधरवड्याला खांबांचं नवं पान लिहायची, आई ते कार्यालयात नेऊन द्यायची आणि पोहोच आणायची. चौथ्या महिन्यात दिवे आले, सगळे नाहीत, पण सतरा.

ती आता जिल्ह्याच्या गावी नर्सिंगला आहे. वही घरीच ठेवून गेली, ती धाकटी बहीण चालवते. नववीत आहे. मागच्या आठवड्यात मी गेलो तेव्हा तिने ताजं पान दाखवलं, अक्षर थोरलीपेक्षा गोल. खांब क्रमांक 14 पुढे ‘बंद’ लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. ‘‘हा वळणावरचा आहे,’’ ती म्हणाली. ‘‘अर्ज लिहिलाय, सोमवारी आई देणार आहे.’’

(पुढच्या आठवड्यात : ग्रामपंचायतीच्या समित्या आणि त्यांतली गावकऱ्यांची जागा)