कोरडा नाला हाही प्रवाहच

द्राक्षाच्या हंगामात वडनेरभैरवच्या बाजूला गेलात तर वाटेतल्या नाल्यांकडे जरूर पाहा. जानेवारी ते मार्च या काळात आमच्या चांदवड तालुक्यातले बहुतेक नाले कोरडे असतात. नेमक्या याच दिवसांत नाशिक जिल्ह्यातल्या वायनरींमध्ये द्राक्षे गाळली जातात. टाक्या, नळ्या, प्रेस आणि फरशी धुतलेले पाणी रोज बाहेर पडते. राज्याने 2001 साली द्राक्ष प्रक्रिया धोरण आणले, शेजारच्या निफाड तालुक्यात विंचूरला वाइन पार्क झाले, आणि या पाण्याचा प्रश्न आपल्या दाराशी आला. टोमॅटो सॉस, जॅम, सरबते करणाऱ्या लहान कारखान्यांची गोष्टही फार वेगळी नाही.

तुम्ही म्हणाल, फळांचेच पाणी ते, त्यात विष कुठले? विष नसतेच. साखर असते, आणि अडचण तिथेच आहे.

रसायनशास्त्राच्या तासाला मी मुलांना एक गणित घालत असे. पाण्यातले सूक्ष्मजीव साखर खातात तेव्हा पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. 180 ग्रॅम ग्लुकोज पूर्ण जिरवायला 192 ग्रॅम प्राणवायू लागतो. आपल्या हवामानात एक लिटर स्वच्छ पाण्यात तो असतो जेमतेम 8 मिलिग्रॅम. एक लिटर द्राक्षरसात 200 ग्रॅम साखर धरली, तर तेवढा रस 26 हजार लिटरहून अधिक पाण्यातला प्राणवायू फस्त करू शकतो. म्हणजे दहा हजार लिटरचे अडीच टँकर! उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्यांना हे माप वेगळे समजावून सांगायला नको. प्राणवायू संपला की दुसऱ्याच जातीचे जीवाणू ताबा घेतात, पाणी काळे पडते आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटतो.

ही भूक मोजण्याच्या मापाला बीओडी म्हणतात. आपल्याकडे नमुना 27 अंश तापमानात तीन दिवस ठेवून ती काढतात. नदीनाल्यात सोडायच्या पाण्याला लिटरमागे 30 मिलिग्रॅमची सर्वसाधारण मर्यादा आहे, शेतजमिनीवर द्यायच्या पाण्याला 100 ची. घरगुती सांडपाणी दोन-तीनशेच्या घरात असते. हंगामातले वायनरीचे पाणी हजारांत जाते.

आता या मर्यादांमागचा विचार पाहा. ब्रिटनच्या सांडपाणी आयोगाने 1912 साली 20 ची मर्यादा सुचवली, ती नदीत निदान आठपट स्वच्छ पाणी मिसळेल हे धरून. फेब्रुवारीत चांदवडच्या नाल्यात आठपट कुठले, थेंबही नसतो. सोडलेले पाणी वाहून जात नाही. ते मुरमात, खडकाच्या भेगांत उतरते आणि जवळच्या विहिरीची वाट धरते.

आपला कायदा मात्र इथे शहाणा आहे. 1974 च्या जल प्रदूषण कायद्यात ‘प्रवाह’ या शब्दाच्या व्याख्येत सध्या कोरडा असलेला जलमार्गही येतो आणि जमिनीखालचे पाणीही येते. ‘नाल्यात पाणीच नव्हते, तर प्रदूषण कशाचे?’ हा बचाव म्हणूनच टिकत नाही. कारखान्याला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते, उभारण्याआधी एकदा आणि चालवण्यासाठी पुन्हा.

पण लहान उद्योजकाची अडचणही खोटी नाही. शुद्धीकरण यंत्रणेतले जीवाणू बारा महिने पोसावे लागतात, आणि त्याच्याकडे खरा खुराक असतो दोन-तीन महिने. कॅलिफोर्नियाने 2021 मध्ये वायनरींसाठी वेगळा आदेश काढला. त्यात वर्षाला किती सांडपाणी निघते यावरून पायऱ्या केल्या आहेत, आणि वर्षाला 10 हजार गॅलनपर्यंत, म्हणजे सुमारे 38 हजार लिटरपर्यंत पाणी सोडणाऱ्यांना सूट आहे. पायऱ्यांची कल्पना मला पटते, वर्षाची बेरीज पटत नाही. आमच्या नाल्याला वर्षाच्या सरासरीशी काय देणेघेणे? संमतीपत्रात हंगामातल्या सर्वांत भारी दिवसाचे पाणी धरावे आणि तपासणीही तेव्हाच व्हावी. पावसाळ्यात घेतलेला नमुना उत्तीर्ण होण्यात विशेष काही नाही.

कारखान्याच्या आत बरेच काही स्वस्तात होते. चोथा आणि टाकीच्या तळाचा साका पाण्याबरोबर वाहू न देता खरवडून खतात घालावा, मगच पाईप सोडावा. निम्मी लढाई तिथेच आहे. टाक्या धुण्यासाठीचा कॉस्टिक सोडाही बेताने वापरावा, कारण त्यातले सोडियम वारंवार जमिनीत गेले की काळी माती घट्ट होते आणि पाणी मुरेनासे होते.

ग्रामपंचायतींनी कारखान्याच्या खालच्या अंगाच्या विहिरींचा नमुना हंगामाआधी डिसेंबरात एकदा आणि मार्चमध्ये पुन्हा घ्यावा. बीओडीसाठी बाटली काठोकाठ भरावी, आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नये. ती बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवावी. चार दिवस कार्यालयाच्या खिडकीत ठेवलेल्या बाटलीतून काहीच कळत नाही.