काली नदीवरचे चार दिवस

आमच्या कॉलेजातली मुले सुट्टी मिळाली की कोलाडला पळतात. कुंडलिकेच्या पात्रात रबरी होडीतून दोन तास आदळत-आपटत जायचे, ओलेचिंब व्हायचे आणि संध्याकाळी पुण्याला परत. 'राफ्टिंग' हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकून ऐकून माझे कान किटले होते. मराठीत त्याला अजून धड प्रतिशब्द नाही. तराफा म्हणावे तर तराफा ही वेगळीच वस्तू. तेव्हा मीही राफ्टच म्हणणार आहे. मात्र आज सांगायचे आहे ते त्या दोन तासांच्या खेळाविषयी नव्हे. चार दिवस नदीवरच राहायचे, रात्री काठच्या वाळूत झोपायचे, मासे धरायचे आणि धरलेले सोडून द्यायचे, असा एक प्रवास कुमाऊँत घडतो. गेल्या नोव्हेंबरात, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, मी तो केला.

नदीचे नाव काली. नेपाळी लोक तिला महाकाली म्हणतात आणि डोंगर सोडून मैदानात उतरली की ती शारदा होते. 1815 साली सुगौलीचा तह झाला आणि पुढच्या वर्षी त्यावर शिक्कामोर्तब झाले, तेव्हापासून ही नदी दोन देशांची हद्द झाली. म्हणजे आपण राफ्टमध्ये बसलो की उजव्या हाताला हिंदुस्थान आणि डाव्या हाताला नेपाळ. ओळखपत्र मात्र जवळ हवे; सशस्त्र सीमा बलाचे जवान ते पाहतात. टनकपूरला रेल्वे संपते. तिथून जीपने लोहाघाट, आणि मग खोल खोल उतरत पंचेश्वर. इथे सरयू येऊन कालीला मिळते. दोन पाण्यांचे रंग काही अंतर वेगळे दिसतात आणि मग एक होतात. या संगमापासून टनकपूरच्या अलीकडे बूम नावाच्या जागेपर्यंत पाण्यावरून सत्तरेक किलोमीटर. मधल्या काही भागात काठाने मोटारीचा रस्ता नाही. तिथे बाहेर पडण्याची वाट नदीच.

आमच्याबरोबर दोन राफ्ट होते. एकात आम्ही सहा जण हातात वल्ही घेऊन, आणि मागे वाटाड्या. दुसऱ्यात तंबू, भांडीकुंडी, पीठ, बटाटे आणि स्वयंपाकी. त्या राफ्टवर लोखंडी चौकट बांधून मोठी वल्ही बसवलेली असतात आणि एकच माणूस ती हाकतो. शिवाय पुढे एका माणसाची छोटी कयाक. कोणी पाण्यात पडला तर त्याला गाठायला ती. राफ्टच्या रबराचे आत वेगवेगळे कप्पे असतात, एक फाटला तरी बाकीचे तरंगत ठेवतात. तळाला भोके असतात. मला वाटले, हा कारखान्याचा दोष! पण तळ हवेने फुगवलेला, पाण्यापेक्षा उंच. आत आलेले पाणी त्या भोकांतूनच निघून जाते.

वाटाड्या तिशीचा, पंचेश्वरच्या वरच्या गावातला. मला 'सर' म्हणायचा आणि स्वयंपाक्याला 'दाज्यू', म्हणजे दादा. पहिल्या खळाळाच्या आधी त्याने राफ्ट काठाला लावले, आम्हांला एका खडकावर चढवले आणि पाणी वाचायला शिकवले. वाचायला हा शब्द त्याचाच.

ही गोष्ट मला फार आवडली, म्हणून जरा सविस्तर सांगतो. वरून पाहताना गुळगुळीत पाण्याची एक जीभ दिसते, तिचे टोक प्रवाहाच्या दिशेला. दोन बाजूंच्या खडकांमधून पाणी वाट काढते तेव्हा हा आकार होतो. तीच आपली वाट. पण टोक उलट, वरच्या अंगाला असेल, तर त्या टोकाशी पाण्याखाली खडक दडलेला आहे असे समजावे. खडकावरून पाणी धो धो पडते तिथे खाली खड्डा होतो आणि पृष्ठभागावरचे पाणी मागे वळून पुन्हा त्याच खड्ड्यात पडत राहते. त्यात सापडलेली वस्तू गिरणीच्या पट्ट्यासारखी फिरत राहते, बाहेर येत नाही. याच्या अगदी उलट, मोठ्या खडकाच्या पाठीमागे एक शांत आडोसा असतो. तिथले पाणी हळूच वरच्या दिशेला वाहते. राफ्टला विसावा घ्यायची ती जागा. वाटाड्या म्हणाला, "सर, तुम्ही जिथे दम खाता, तिथेच मासापण दम खातो." दोन पाण्यांच्या शिवेवर महाशीर तोंड वर करून उभा असतो. भक्ष्य वाहत येते, त्याने फक्त तोंड उघडायचे. राफ्ट हाकणे आणि गळ टाकणे या दोन विद्या मी वेगळ्या समजत होतो. त्या एकच निघाल्या.

खळाळांना एक ते सहा अशी प्रतवारी असते. सहावी प्रत म्हणजे माणसाने त्या वाटेला जाऊच नये. या टप्प्यातला नावाजलेला खळाळ चूका गावाजवळचा, चौथ्या प्रतीचा. मी पडलो तो तिथे नव्हे. तिथे आम्ही सगळे देवाचे नाव घेत सावध होतो. मी पडलो दुसऱ्या दिवशी एका फालतू दुसऱ्या प्रतीच्या खळाळात, इकडेतिकडे बघताना.

आता नियम मला तोंडपाठ होता. पाण्यात पडलात तर पाठीवर उताणे व्हा, पाय पुढे, गुडघे थोडे वाकवलेले, आणि काही झाले तरी उभे राहू नका. वाहत्या पाण्यात उभे राहिले की पाऊल दगडांच्या फटीत अडकते, मागचे पाणी पाठीवर दाबते आणि माणूस कमरेएवढ्या पाण्यातही बुडतो. हे सगळे मी आदल्या दिवशी वहीत लिहून घेतले होते. प्राध्यापकाची सवय! आणि पडल्याबरोबर पहिले काय केले असेल, तर उभा राहिलो. डावा पाय अडकलाच. पाणी छातीशी आले, मग हनुवटीशी. वाटाड्याचा आवाज ऐकू आला, पण शब्द कळेनात. दोरीची पिशवी खांद्यावर येऊन पडली, मी दोरी धरली, आणि तिच्या ओढीने पाऊल बुटासकट नव्हे, बूट तिथेच ठेवून सुटले. त्याने माझ्या जाकिटाचे खांदे धरून मला पोत्यासारखे आत ओढले. मग कोणी हसले नाही, याचे मला जास्त वाईट वाटले. बूट कालीने ठेवून घेतला.

तिसऱ्या दिवशी मासा लागला. चमच्यासारखा पितळी पत्रा दोरीला लावून तो पाण्यात ओढायचा. त्याला स्पून म्हणतात. गळ एकच. त्याच्या टोकाजवळ मासा सुटू नये म्हणून जी बारीक उलटी जीभ असते, ती पकडीने चेपून टाकलेली. परवाना वनखात्याचा, आणि अट अशी की मासा जिवंत सोडायचा. महाशीरच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात. पण अंगात जोर असा की पहिल्याच झेपेत त्याने रिळावरची निम्मी दोरी नेली. वीस मिनिटांनी तो काठाशी आला. आठ किलोंचा, तळहातावर मावतील तेवढे सोनेरी खवले, मिशा, जाड ओठ. फोटोसाठी मी त्याला उचलायला गेलो तर वाटाड्या ओरडला, "कोरडे हात लावू नका!" खवल्यांवरचा बुळबुळीत थर कोरड्या हाताने निघतो आणि मासा पुढे रोगाने मरतो.

गळ सुटला, पण मासा आडवा झाला. वाटाड्या गार पाण्यात गुडघ्यावर बसला आणि त्याचे तोंड प्रवाहाकडे करून दोन्ही हातांनी धरून राहिला, म्हणजे कल्ल्यांतून पाणी जाईल. पाच मिनिटे, दहा मिनिटे. आम्ही कोणी बोलत नव्हतो. माझ्या मनात आले, केवळ आपल्या हौसेपायी हा जीव गेला तर? शेवटी शेपटीचा एक फटका बसला, वाटाड्याच्या चेहऱ्यावर पाणी उडाले, आणि हात रिकामे. सोडलेला प्रत्येक मासा जगतो असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. पण सुरुंगाने मारलेला एकही जगत नाही, पिल्लेसुद्धा. जिथे मासा पाहायला येणाऱ्या परक्या माणसांमुळे गावात चार पैसे येतात, तिथे सुरुंग लावणाऱ्याला गावच हटकते, असे वाटाड्याचे म्हणणे.

हा मासा आपल्याला परका नाही. याचा दख्खनी भाऊबंद साईक्स या इंग्रजाने 1839 साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून नोंदवला आणि शास्त्रीय नावात 'खुद्री' हा इथलाच शब्द घातला. आज मुळा-मुठेकाठी उभे राहून हे सांगताना लाज वाटते. महाडजवळ सावित्रीतल्या वाळणकोंडीत देवीचे म्हणून ते राखले गेले. लोणावळ्याला वळवणच्या तळ्यावर टाटांच्या केंद्रात त्यांची पैदास 1970 नंतर सुरू झाली.

कालीचा सोनेरी महाशीर मात्र धोक्यात आलेल्या जातींच्या जागतिक यादीत आहे. पावसाळ्यात तो अंडी घालायला वर, उपनद्यांच्या स्वच्छ गोट्यांच्या पात्रांत जातो. त्याची वाट मोकळी हवी, आणि इथेच पंचेश्वरचा प्रश्न येतो. 1996 च्या महाकाली करारानुसार तिथे 315 मीटर उंचीचे धरण योजले आहे. वीज हवीच, डोंगरातल्या घरांतून दिवा नसलेला कोणाला आवडेल? 2017 साली जनसुनावण्या झाल्या. धरण अजून उभे राहिलेले नाही.

चौथ्या दिवशी चूका ओलांडला. लढिया नदी इथेच मिळते, आणि वरच्या अंगाला ठाक. जिम कॉर्बेटने आपली शेवटची नरभक्षक वाघीण 30 नोव्हेंबर 1938 रोजी इथेच मारली. दुपारी बूमला पोहोचलो. राफ्टची हवा सोडताना मी वाटाड्याला कोलाडचे सांगितले : वर भिऱ्याला वीजघर आहे, त्यातून पाणी सोडतात, तेवढा वेळ नदी पळते आणि तेवढाच वेळ राफ्टिंग. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे नदीला वेळापत्रक?"

मी म्हटलं, "हो. सकाळचं."

"आणि मासे?"

याचे उत्तर मला देता आले नाही. जीप आली होती. दाज्यूंनी भांडी चढवली, आणि एका पायात बूट, एका पायात त्यांनीच दिलेली चप्पल, असा मी टनकपूरच्या गाडीला गेलो.